तीनच लिही

मंगळवार, ३ मार्च

कॉलिन,

वर पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड लिहिला आहे. तुझ्या कार्यालयाच्या दारावर पाटीच आहे ना, पोस्टकोड नसेल तर खासदारसाहेब उत्तर देणार नाहीत म्हणून? पत्र आपल्याच मतदाराचं आहे याची खात्री नको का व्हायला! तर मी तुझी मतदार. बहीणही आहे, पण ते तुझ्या कारकुनाच्या कामाचं नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा उद्योग.

काल टीव्हीवरचा तुमचा वादविवाद पाहिला. मी अजून सुन्न आहे. सकाळी टोस्ट जळला आणि मी तो तसाच खाल्ला. घरात धूर झालाय हे शेजारच्या विनी पिकर्सगिलने भिंत ठोकून सांगितलं तेव्हा कळलं.

समोरच्या पक्षाच्या बाईंनी तुला साधा प्रश्न विचारला. बंदराकडची माणसं ॲशग्रोव्ह टेकडीवरच्या माणसांपेक्षा नऊ वर्षं आधी मरतात, याचं काय? चौदा नंबरच्या बसच्या एका टोकाला आपली गल्ली, दुसऱ्या टोकाला टेकडी. मध्ये पंचवीस मिनिटं, आणि नऊ वर्षं. तू काय म्हणालास? "बस तर दोन्हीकडे जाते. वर जायला कोणी अडवलंय का?" सहा वर्षांचा असताना असं बोलला असतास तर आईने कान लाल केला असता. आता एकावन्नाव्या वर्षी बोललास तर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या बाईंकडे तरी काय होतं म्हणा! "आम्ही सत्तेवर आलो की समिती नेमू." म्हणजे एकाची बस आणि दुसरीची समिती. आजारी माणसाने चढायचं कशात?

इथपर्यंत मी चिडले होते, एवढंच. तुमच्या पक्षांच्या असल्या लटक्या युक्तिवादांची सवय झाली आहे. धक्का पुढे बसला. तू म्हणालास, आकडे खोटं बोलत नाहीत. आपल्या थॉर्नबेकहून येणाऱ्या फोनांपैकी 'गंभीर' ठरणारे फोन सगळ्या जिल्ह्यात कमी, म्हणून बंदरावरच्या दोन्ही रुग्णवाहिका पंचवीस मैल आत हलवायला काहीच हरकत नाही. आणि मग हात छातीवर ठेवलास.

"माझी आई, डोरीन. तिने रुग्णवाहिकेला फोन केला, तेव्हा तिला विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय? तर म्हणाली, तीन! आणि येणाऱ्या माणसांसाठी चहाचा ट्रे मांडून बसली. अशी कणखर माणसं आहेत आमची."

हॉल हसला. तूही हसलास. माझ्या हातातला रिमोट खाली पडला तो अजून कोचाखालीच आहे.

पुढचं का नाही सांगितलंस? फोन केला पावणेबाराला, गाडी आली सव्वाचारला. आपल्याला कधी हात लावू दिला नाही ते सोनेरी काठाचे दोन कप ट्रेमध्ये, किटलीवर लोकरीचं आवरण, आणि आई खुर्चीत गेलेली. विनीने तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून दिलं. आलेल्या दोघांपैकी मुलगी त्या ट्रेकडे बघून रडायला लागली, असं विनी सांगते. नोव्हेंबर महिना होता, अजून सहा महिनेही झाले नाहीत.

तो आकडा तुला मी सांगितला होता. अंत्यविधीच्या दिवशी, आईच्या स्वयंपाकघरात, मी सँडविचं कापत असताना. तू कोट घालून निघालाच होतास. मी म्हटलं, "ती तीन म्हणाली रे." तू रडता रडता हसलास, म्हणालास, "आईच ती." आणि गेलास. मला वाटलं होतं, तू आणखी एक प्रश्न विचारशील. विचारला नाहीस.

शनिवारी चौदा तारखेला मेथडिस्ट चॅपलच्या हॉलमध्ये तुझी सभा आहे, आणि सव्वीसला आरोग्य मंडळ गाड्यांचा निर्णय करणार. माझं मागणं एकच. आईचा तीन पुन्हा तोंडातून काढू नकोस. आणि फोनच्या आकड्यांच्या त्या तक्त्यावर भिस्त ठेवू नका असं मंडळाला सांग.

लिनेट ब्रॉडबेंट
(मतदार)

सोमवार, ९ मार्च

कॉलिन,

तुझं उत्तर आलं. "आदरणीय श्रीमती ब्रॉडबेंट, आरोग्यसेवेसारख्या महत्त्वाच्या विषयावर आपण आवर्जून लिहिलंत याबद्दल मी आभारी आहे." खाली तुझी सही, छापील. सोबत एक रंगीत पत्रक. रोज पाच फळं खा, अर्धा तास चाला, पाणी भरपूर प्या.

मी ते विनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगंबाई, सख्ख्या बहिणीला आदरणीय? मेलीबिलीस की काय तू?" मग पत्रक उलटसुलट करून बघितलं. "आणि पाच फळं कुठून आणायची? खालचं फळवाल्याचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली. तिथे आता जुगाराची यंत्रं आहेत. त्यांच्यावर चेरी असतात बघ, त्या मोजायच्या का?"

तेव्हा तुला वेगळ्या रीतीने सांगते. तू आकड्यांवर बोलतोस. आकडा जन्माला कसा येतो, ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे. बावीस वर्षं रुग्णवाहिका सेवेच्या फोनवर बसून मी तेच करते आहे.

आपत्कालीन फोन येतो. मी कानाला यंत्र लावून बसलेली. समोर पडदा, पडद्यावर प्रश्न. जसे लिहिलेत तसे, त्याच क्रमाने विचारायचे. श्वास चालू आहे का? छातीत दुखतंय का? एक ते दहा, किती दुखतंय? समोरचा जे सांगेल ते टाइप करायचं. सुचवायचं नाही. "अहो, एवढं रक्त वाहतंय तर तीन कसं म्हणता?" असं विचारलं तर वरच्या बाई बोलावून घेतात. मग संगणक सगळं जमवून गाडी कोणाकडे आधी पाठवायची ते ठरवतं.

आता ऐक. बंदरावरचा एक मच्छीमार. दोरखंडाच्या चक्रात दोन बोटं गेलेली. "चार," म्हणाला. "आणि घाई नाही बरं का, भरती आहे तोवर मी इथेच आहे." त्याच तासात ॲशग्रोव्हच्या एक बाई, गांधीलमाशी चावलेली. "नऊ! आणि माझे मेहुणे हृदयाचे डॉक्टर आहेत, त्यांनी मला नऊच सांगायला सांगितलंय." ती बाई खोटारडी नाही, कॉलिन. तिला खरंच नऊ दुखत होतं. तिला लहानपणापासून ठाऊक आहे की आपलं दुखणं मोठ्याने सांगायचं असतं आणि सांगितलं की कोणीतरी धावत येतं. आपल्या गल्लीत काय शिकवलं? "माझ्याहून वाईट असतील कोणीतरी. त्यांचं आधी होऊ दे."

हे माझ्या पडद्यावर येतं. महिन्याच्या शेवटी पडद्यावरचं तक्त्यात जातं. तक्ता तुझ्या हातात येतो आणि तू टीव्हीवर म्हणतोस, बंदराकडची माणसं ठणठणीत आहेत. ज्यांनी दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं, त्यांचीच गाडी काढून घ्यायची, असा तुझा हिशेब आहे. मला हे समजायला बावीस वर्षं लागली, तेही तुला टीव्हीवर ऐकलं तेव्हा. हे माझंही शहाणपण काही फार नाही.

आईच्या दिवशी काय झालं, ते मी नंतर कामावर शोधून काढलं. एक गाडी हॉस्पिटलच्या दारात, पेशंट उतरवायच्या रांगेत तीन तास अडकलेली. दुसरी टेकडीवर गेलेली. टेनिस खेळताना मनगट मुरगळलेला माणूस. त्याने नऊ सांगितलं. आईने तीन. इस्त्री करून हात भरून आलाय म्हणाली, जबडा ठणकतोय म्हणाली, आणि छातीत दुखतंय का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नाही गं, गॅस झालाय." फोन घेणाऱ्या बाईने जसंच्या तसं टाइप केलं. नियमाप्रमाणे तिची काही चूक नाही.

शनिवारी आईचा तीन सांगू नकोस, नाहीतर मी सभेत उठून बोलेन. मी तिसऱ्यांदा लिहिणार नाही.

लिन

गुरुवार, १२ मार्च

कॉलिन,

तिसऱ्यांदा लिहिते आहे. तुझी चिठ्ठी हातात आहे. या वेळी तुझ्याच अक्षरात, तुझा तो शाळेपासूनचा वाकडा 'म'. काल दुपारी तुझा माणूस दारात टाकून गेला. मी दाराजवळच्या चटईवर उभ्या उभ्या वाचली आणि तिथेच खाली बसले. विनी आली तेव्हा मला वाटलं पाच मिनिटं झाली असतील. पाऊण तास झाला होता.

तुझीच वाक्यं तुला लिहून पाठवते, म्हणजे तुलाही बघता येतील.

"लिन, पुरे कर. मला माहीत आहे फोन कोणी घेतला. जानेवारीत मुलगा म्हणून अर्ज करून मी रेकॉर्डिंग मागवलं. दोनदा ऐकलं. तुझं नाव कुठेही काढलं नाही, काढणारही नाही. नातेवाइकाचा फोन घ्यायचा नसतो हा तुमचा नियम मलाही ठाऊक आहे. सभेत उठलीस तर नोकरी जाईल, निवृत्तीला चार वर्षं उरली असताना. घरी बस. आणि मला दगडाच्या काळजाचा म्हणत जाऊ नकोस."

तुला ठाऊक होतं. दोन महिने. मी रात्रंदिवस विचार करत होते की हा कधी विचारेल, फोनवर कोण होतं; आणि तुला ठाऊकच होतं. तू माझ्यावर पांघरूण घातलंस. खरंच घातलंस, ते मी नाकारत नाही. चटईवर बसून त्यासाठीही रडले. पण त्याच आवाजातला एक शब्द कापून तू स्टेजवर नेलास आणि लोकांना हसवलंस. ही दोन्ही कामं एकाच माणसाने कशी केली, माझ्या डोक्यात मावत नाही.

आता मी लपवत नाही. लपवायचं उरलंय काय!

मंगळवार होता. अकरा पंचेचाळीस. मी म्हटलं, "रुग्णवाहिका सेवा. पेशंटचा श्वास चालू आहे का?" पलीकडून आवाज आला, "चालू आहे गं, नाहीतर बोलले असते का?" मला पहिल्या शब्दाला कळलं. नियम असा की घरचं माणूस असेल तर हात वर करायचा, पलीकडच्या टेबलावरची बाई फोन घेते. हात वर करायला किती वेळ लागतो? मी केला नाही. का? कारण बावीस वर्षं मी कोणाला पुढे घुसू दिलं नव्हतं. हात वर केला असता तर सगळ्यांना कळलं असतं की लिनेटची आई आहे, आणि कोणीतरी तिला हळूच वर सरकवलं असतं. मला ते नको होतं. माझ्या आईसाठी रांग मोडली असं कोणी म्हणायला नको होतं. इतकी मी प्रामाणिक, बघ.

तिलाही कळलं होतं. "लिन? तू आहेस होय!" मी म्हटलं, "बाई, मला प्रश्न विचारू द्या." बाई म्हटलं मी तिला. ती हसली. मग सगळे प्रश्न झाले आणि मी विचारलं, एक ते दहा, किती? ती म्हणाली, "इतर लोक किती सांगतात?" मी म्हटलं, "ते मला सांगता येत नाही. तुम्हीच सांगायचं." ती थांबली. धाप लागलेली मला ऐकू येत होती. आपल्या आईची धाप मला ऐकू येत होती, कॉलिन.

"मग तीनच लिही, बाळ. माझ्याहून वाईट असतील कोणीतरी."

जिने तुझ्या जन्माच्या वेळी सकाळभर इस्त्री केली, कळा येत असताना, आणि दुपारी सुईणीला म्हणाली "जरा कसंतरी होतंय", तिचा तीन म्हणजे किती, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातली एक फोनवर होती. मी तीन टाइप केलं.

दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत मी तिला घरी फोन केला. म्हणाली, "अजून आले नाहीत, पण ट्रे तयार आहे. तू जेव." मी विनीला फोन करू शकले असते. एका भिंतीला आई, दुसऱ्या भिंतीला मी, अशी मधल्या घरात तर राहते ती. पण गल्लीत बोभाटा केला म्हणून आई रागावली असती. म्हणून मी जेवले. चीज आणि लोणच्याचं सँडविच होतं.

तू दोनदा ऐकलंस म्हणतोस. मग शेवटचं वाक्यही ऐकलं असशील. मी ठरावीक निरोप वाचत होते, तब्येत बिघडली तर पुन्हा फोन करा वगैरे, तर मध्येच ती म्हणाली, "आणि हे बघ, आमच्या कॉलिनचं नाव कुठे लिहू नकोस हं. उगीच लोक म्हणतील, डोरीनने खासदार मुलाचा वशिला लावला. तो बिचारा सगळ्यांसाठीच करतोय ना काहीतरी."

सगळ्यांसाठी. हे ऐकूनही तू त्या स्टेजवर चढलास?

लिन

शुक्रवार, १३ मार्च

कॉलिन,

थोडक्यात लिहिते, टपाल साडेपाचला निघतं. तू घाबरवायला लिहिलंस की माझ्या काळजीपोटी, ते मला कळलं नाही. बहुतेक तुलाही नसेल कळलं.

मी उद्या बोलणार आहे. माइकपाशी रांग लावणार आहे, सगळ्यांच्या मागे. आज दुपारी वरच्या बाईंना भेटून आधीच सगळं सांगितलं, म्हणजे कोणी माझं नाव फोडायची वाट बघायला नको. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "लिनेट, तुम्ही? तुम्ही?" चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही.

हे पत्र तुला सभेआधी मिळणार नाही. मला तसंच हवं आहे.

लिन

शुक्रवार, २७ मार्च

कॉलिन,

काल मंडळाच्या बैठकीला मी आले नाही. मला तिथे यायची परवानगी नव्हती आणि हिंमतही नव्हती. विनी गेली. सोबत थर्मास आणि डुकराचं मांस भरलेली पाई घेऊन गेली, नाटकाला जावं तशी. ती काय सांगत आली ते पुढे लिहिते. आधी चौदा तारखेचं, कारण तेव्हापासून आपण दोघंही त्यावर गप्प आहोत.

माझा नंबर अकरावा होता. माझ्या पुढच्या दहा जणांना तू गुंडाळलंस. वाईट वाटून घेऊ नकोस, पण काय एकेक उत्तरं! दमेकरी पोरीच्या बापाने घरातल्या बुरशीबद्दल विचारलं, तर तू म्हणालास, खिडक्या उघडा. तू खिडक्या उघडा म्हणत होतास आणि मागे वाऱ्याने हॉलची खिडकी आपटत होती. कोणी हसलं नाही.

मग मी. मला बघून तुझा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. मी कागद आणला होता, पण वाचता आला नाही. जे तुला लिहिलं, तेच बोलले. मी तीन टाइप केलं, ती माझी आई होती, ती सव्वाचारच्या आत मेली, आणि खासदारांच्या तक्त्यात ती 'गंभीर नाही' या रकान्यात आहे. तुझ्या रेकॉर्डिंगबद्दल बोलले नाही. ते घरातलं.

मला वाटलं आता कोणीतरी शिवी देईल. द्यावी असंही वाटत होतं. तेवढ्यात मागून विनी उठली. काठी टेकत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी चार सांगितलं होतं. खुबा मोडला होता माझा."

सगळे मागे वळले. दुसऱ्या कोपऱ्यातून एक बाप्या म्हणाला, "दोन. अपेंडिक्स फुटलं होतं." त्याची बायको म्हणाली, "दोन पण नाही, हा म्हणाला, काही नाही हो, बायकोच मागे लागलीये." मग तो मच्छीमार उठला. त्याने काही आकडा सांगितला नाही, नुसता हात वर केला. तीन बोटांचा. आणि मग थांबेचना, कॉलिन. कोणी पाच, कोणी तीन, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आमच्या हिने एक सांगितलं," आणि खाली बसले, पुढचं कोणी विचारलं नाही. बावीस वर्षं हे आवाज मी एकेकटे ऐकले होते. एकत्र कधी ऐकले नव्हते. त्या दमेकरी पोरीच्या बापाने मला खुर्ची दिली.

तुझ्याकडे मी बघत होते. तुझ्यासमोर तक्ता होता. तू तो दुमडलास, पुन्हा उघडलास, पुन्हा दुमडलास. तुझी ती समोरची बाईही आली होती. ती उठून म्हणाली, "म्हणूनच आम्ही समिती..." आणि हॉल एका सुरात म्हणाला, "खाली बसा!" एवढ्या एका गोष्टीत तरी थॉर्नबेकचं एकमत झालं.

आता काल. विनी म्हणते, तुझा नंबर आला तेव्हा तू चष्मा काढलास आणि बराच वेळ लावलासच नाहीस. मग म्हणालास, "या तक्त्यात माझी आई आहे. तिचा आकडा तीन. ती वारली. मी हा तक्ता तीन महिने हातात घेऊन फिरलो, आणि तिच्या नावावर लोकांना हसवलं. माझ्या मतदारसंघाच्या या आकड्यांवर विसंबून गाड्या हलवू नका." एवढंच बोलून बसलास. विनीच्या मते फारच थोडक्यात आटोपलंस. "एवढा थर्मास भरून नेला आणि गडी दोन मिनिटांत खाली," म्हणाली. पण मग नाक शिंकरायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

निर्णय शरद ऋतूपर्यंत पुढे ढकलला. म्हणजे गाड्या वाचल्या असं नाही. तुमच्यातले हुशार लोक तोवर दुसरा तक्ता काढतील. तुझा पक्ष तुला पुढच्या वेळी तिकीट देणार नाही, असं सकाळी रेडिओवर सांगत होते. माझी चौकशी एप्रिलमध्ये आहे. दोन भावंडं, दोघंही कामावरून घरी बसवलेली. आई असती तर म्हणाली असती, बरं झालं, आता तरी अंगणातलं कुंपण रंगवा.

आणि राहिलं ते सभेनंतरचं. हॉलच्या मागे, जिथे गाड्या लावतात तिथे. तू गाडीच्या दाराला टेकून उभा होतास, किल्ली हातात, दार न उघडता. मी बोलणार नव्हते. पण तू म्हणालास, "मी ते दोनदा नाही ऐकलं, लिन. मी रोज ऐकतो. गाडीत." मी विचारलं, "मग असं का बोललास रे?" तू म्हणालास, "हसले की ते गोष्टीसारखं वाटायचं. आईचं वाटायचं नाही."

बावीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. मी विचारलं, "एक ते दहा, किती दुखतंय?"

तू खाली बघितलंस आणि म्हणालास, "तीन."

तू गाडीत बसलास, मी बसथांब्यावर गेले. पण तेव्हापासून ते माझ्या कानात आहे. मी आता त्या टेबलावर नाही. पडदा नाही, नियम नाही, सांगतील तेच लिहा म्हणणारं कोणी नाही. तेव्हा मी माझ्या मनानेच नऊ लिहून घेतलं आहे.

रविवारी एक वाजता जेवायला ये. मटण भाजते आहे, बटाटे तू सोलायचे. सोनेरी काठाचे कप काढून धुऊन ठेवले आहेत. या वेळी पोस्टकोड लिहीत नाही. घर तुला माहीत आहे.

लिन